घटक ४ : मालवाहतुकीची भाषा – बिल्टी, खूण आणि पोच

४.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणांस –

• पुरवठा साखळीत मालाच्या प्रवाहाबरोबर माहितीचा प्रवाह कसा चालतो, हे स्पष्ट करता येईल.
• मालवाहतुकीशी निगडित मराठी शब्दांचा अर्थ आणि त्यांची घडण सांगता येईल.
• डबेवाल्यांच्या खुणा व कंटेनरचे क्रमांक यांचा चिन्हव्यवस्था म्हणून विचार करता येईल.
• बिल्टी व तत्सम कागदपत्रांतील शब्दरचनेचा दायित्वाशी असलेला संबंध ओळखता येईल.
• वाहतूकविषयक सूचना व करारवाक्ये नेमक्या मराठीत लिहिता येतील.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण कार्यालयीन पत्रव्यवहाराच्या भाषेचा परिचय करून घेतला. प्रस्तुत घटकात आपण कार्यालयाबाहेर, गोदामात, मालधक्क्यावर आणि रस्त्यावर चालणाऱ्या भाषेकडे वळणार आहोत. मराठीच्या पदवीचा मालमोटारींशी काय संबंध, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. आपल्यापैकी काही जण दिवसा गोदामात, बाजार समितीत किंवा वाहतूक कार्यालयात काम करून रात्री ही पुस्तिका वाचत असतील. त्यांना या घटकातील कित्येक शब्द प्रस्तुत लेखकापेक्षाही अधिक जवळचे असतील. त्यांच्या अनुभवाला भाषाविज्ञानाची जोड मिळावी, हा या घटकाचा एक हेतू आहे.

सुरुवात दोन साध्या शब्दांपासून करू. माल मिळाल्याची खूण म्हणून आपण ‘पोच’ देतो किंवा ‘पावती’ देतो. ‘पोच’ हा शब्द ‘पोचणे’ या क्रियापदापासून आला आहे. ‘पावती’ हा शब्द ‘पावणे’ या क्रियापदापासून आला आहे आणि जुन्या मराठीत ‘पावणे’ म्हणजेही पोहोचणे. फारसीतील ‘रसीद’ या शब्दाचा मूळ अर्थही ‘पोहोचले’ असाच आहे. मालाचे पोहोचणे आणि पोहोचल्याचे सांगणे या दोन क्रियांना भाषेने एकाच धातूत बांधून ठेवले आहे. माल पोहोचला तरी तसे कोणी सांगितले नाही, तर व्यवहार पूर्ण होत नाही. या घटकाचे मध्यवर्ती सूत्र हेच आहे. मालवाहतुकीची साखळी ही जितकी वाहनांची, तितकीच शब्दांची साखळी असते. तिच्यातील शब्द सैल झाला, तर नुकसान कोणी सोसायचे याचा निर्णयही त्या सैल शब्दावरच होतो.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ पुरवठा साखळी : दोन प्रवाह

उत्पादकापासून ग्राहकापर्यंत वस्तू पोहोचवणाऱ्या सर्व दुव्यांच्या मालिकेला ‘पुरवठा साखळी’ म्हणतात. या साखळीतील वाहतूक, साठवणूक, हाताळणी व नोंदी यांच्या नियोजनासाठी ‘लॉजिस्टिक्स’ ही संज्ञा वापरली जाते. ही संज्ञा लष्करी व्यवहारातून व्यापारात आली. मराठीत तिच्या जवळचा शब्द ‘रसद’ हा आहे आणि तोही प्रामुख्याने लष्करी संदर्भातलाच. ‘रसद तोडणे’ हा वाक्प्रचार आपल्या परिचयाचा आहेच.

नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या बाजार समितीत येणाऱ्या कांद्याचे उदाहरण घेऊ. शेतकरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून कांदा आणतो. प्रवेशद्वारावर आवकेची नोंद होते. लिलावात भाव ठरतो. काट्यावर वजन होऊन काटापावती मिळते. तिच्या आधारे हिशेबपट्टी तयार होते. पुढे व्यापाऱ्याच्या खळ्यावर प्रतवारी होते, कांदा गोण्यांत भरला जातो आणि मालमोटारीने किंवा रेल्वेने दूरच्या बाजारपेठेकडे निघतो. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून बिहारमधील दानापूरकडे पहिली किसान रेल्वे धावली, तेव्हा या प्रवासाला आणखी एक मार्ग मिळाला.

या प्रवासात दोन प्रवाह आहेत. पहिला कांद्याचा. तो शेताकडून बाजाराकडे, एकाच दिशेने वाहतो. दुसरा माहितीचा. वजन, प्रत, भाव, गाडीचा क्रमांक, पोहोचल्याची खबर ही माहिती दोन्ही दिशांनी वाहते. कांदा नाशवंत असल्यामुळे दुसरा प्रवाह अडला की पहिलाही सडू लागतो. लासलगावात लहान आकाराच्या कांद्याला ‘गोल्टी’ म्हणतात. हा शब्द येथील प्रत्येकाला कळतो. पण दानापूरच्या खरेदीदाराला तो कळेलच असे नाही. म्हणून लांबच्या सौद्यात शब्दाबरोबर आकाराचे मापही सांगावे लागते. स्थानिक शब्द जेथे संपतो, तेथे प्रमाणित संज्ञेची गरज सुरू होते, हे आपण लक्षात ठेवू.

४.३.२ मराठीची वाहतूकविषयक शब्दसंपदा

वाहतुकीचे नियोजन ही आधुनिक काळाचीच देणगी आहे, असा समज असतो. शब्दांचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. संस्कृतात व्यापारी तांड्याला ‘सार्थ’ आणि त्याच्या प्रमुखाला ‘सार्थवाह’ म्हणत. सातवाहनकाळी जुन्नरकडून कल्याणकडे जाणारा माल नाणेघाटातून उतरत असे. तेथील दगडी रांजण परंपरेने जकातीचा रांजण मानला जातो. पुढील काळात बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य लादून दूरवर नेणाऱ्या लमाणांच्या तांड्यांनी दख्खनची वाहतूक सांभाळली. ‘लमाण’ या नावाचा संबंध ‘लवण’ म्हणजे मीठ या शब्दाशी जोडला जातो.

या शब्दसंपदेतील ‘हुंडेकरी’ हा शब्द विशेष लक्ष देण्याजोगा आहे. मालाच्या भाड्याबरोबर वाटेतील जकात व इतर खर्च धरून एकठोक रकमेत माल पोहोचवण्याचा जो ठेका, तो ‘हुंडा’; आणि तो घेणारा ‘हुंडेकरी’. विवाहातील हुंड्याशी या अर्थाची गल्लत करू नये. आज कारखाने आपली वाहतूक व साठवणूक स्वतः न पाहता एखाद्या बाहेरच्या संस्थेकडे एकत्रितपणे सोपवतात आणि त्या पद्धतीला लांबलचक इंग्रजी नाव देतात. ती कल्पना मराठीला नवी नाही. तिच्यासाठी आपल्याकडे एक शब्द होता, तो मागे पडला, इतकेच.

‘हमाल’ व ‘जकात’ हे शब्द अरबीतून आले. पहिल्याच्या मुळाशी ओझे वाहण्याची कल्पना आहे. दुसरा मूळचा धार्मिक दानाचा शब्द असून मराठीत तो मालावरील कराचा वाचक झाला. ‘माथाडी’ हा मात्र ‘माथा’ या शब्दापासून घडलेला आहे. महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांविषयीचा कायदा १९६९ मध्ये झाला आणि डोक्यावरून ओझे वाहणाऱ्या माणसाच्या कामाचे नाव कायद्याच्या शीर्षकात गेले. एखादा शब्द बोलीतून कायद्यात जातो, तेव्हा त्याच्यामागे उभ्या असलेल्या माणसांनाही हक्काची जागा मिळते. भाषेच्या अभ्यासकाने अशा घटनांची दखल घेतली पाहिजे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
(अ) ‘पोच’ व ‘पावती’ या शब्दांच्या घडणीत कोणते साम्य आहे?
(आ) ‘हुंडेकरी’ कोणाला म्हणत?

४.३.३ खुणांची भाषा : मुंबईचे डबेवाले

शब्दांशिवाय, केवळ खुणांच्या आधारे चालणाऱ्या वाहतूक व्यवस्थेचे सर्वांत परिचित उदाहरण मुंबईच्या डबेवाल्यांचे आहे. १८९० च्या सुमारास महादेव हावजी बच्चे यांनी या कामाची घडी बसवली. या व्यवसायातील बहुतेक मंडळी पुणे जिल्ह्यातील मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतील आहेत. घरून सकाळी उचललेला डबा हातगाडी, सायकल आणि लोकल गाडी असा प्रवास करत, अनेक हातांतून जाऊन दुपारच्या जेवणापूर्वी नेमक्या माणसाच्या टेबलावर पोहोचतो आणि रिकामा डबा त्याच मार्गाने परत घरी येतो.

डब्याच्या झाकणावर ग्राहकाचे नाव नसते आणि पूर्ण पत्ताही नसतो. तेथे रंगाने काढलेली काही अक्षरे व अंक असतात. कोणत्या स्थानकावरून डबा निघाला, कोणत्या भागात उतरायचा, तेथे तो कोणी उचलायचा, कोणती इमारत, कितवा मजला, एवढी माहिती या खुणांत सामावलेली असते. पूर्वी रंगीत दोऱ्यांच्या खुणा केल्या जात. पुढे रंग आणि अक्षरे आली.

भाषाविज्ञानाच्या दृष्टीने येथे तीन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत.

पहिली, चिन्हाची यादृच्छिकता. चिन्हक आणि चिन्हित यांचा संबंध नैसर्गिक नसून संकेताने ठरलेला असतो, हा फर्दिनां द सोस्यूर यांचा विचार आपण भाषाविज्ञानाच्या अभ्यासात पाहिला आहे. एखाद्या अंकात आणि एखाद्या उपनगरात कोणतेही नैसर्गिक साम्य नाही. डबेवाल्यांच्या समूहाने तसे ठरवले, म्हणून त्या अंकाला तो अर्थ आला.

दुसरी, स्थानाचे महत्त्व. झाकणाच्या मध्यभागी लिहिलेला ‘३’ आणि कडेला लिहिलेला ‘३’ यांचे अर्थ वेगळे होतात. एक विभाग दाखवील, तर दुसरा मजला. चिन्हाला अर्थ त्याच्या रूपाने जसा मिळतो, तसा त्याच्या जागेनेही मिळतो. वाक्यातील पदक्रमाचे कार्य याच प्रकारचे असते.

तिसरी, काटकसर. फलाटावर लोकल थोडा वेळच थांबते. तेवढ्यात डब्यांची चढउतार आणि वर्गवारी करायची असते. अशा वेळी पत्ता वाचत बसणे शक्य नाही. जेवढी माहिती त्या हाताला त्या क्षणी हवी, तेवढीच खूण डोळ्यांत भरली पाहिजे. बाकीची माहिती डबेवाल्याच्या स्मरणात आणि गटाच्या मुकादमाच्या अनुभवात असते. कमी शिकलेल्या माणसांनी भाषेवाचून ही व्यवस्था उभी केली, असे कौतुक वारंवार केले जाते. ते अपुरे आहे. त्यांनी भाषेवाचून काम केले नाही. कामापुरती एक नवी लिपी घडवली.

खोक्यांवरील चित्रखुणा मात्र वेगळ्या जातीच्या आहेत. छत्रीचे चित्र म्हणजे ‘पावसापासून जपा’, पेल्याचे चित्र म्हणजे ‘नाजूक वस्तू’, वर टोक असलेले बाण म्हणजे ‘ही बाजू वर’. या खुणा अर्थाशी साम्य राखतात, म्हणून त्या कोणतीही भाषा बोलणाऱ्या हमालाला समजतात. डबेवाल्यांची खूण शिकावी लागते. छत्रीची खूण पुष्कळशी पाहताच कळते. पहिल्या प्रकाराला ‘संकेत’ आणि दुसऱ्याला ‘प्रतिमा’ असे म्हणता येईल.

४.३.४ चूक पकडणारी भाषा : कंटेनरचा क्रमांक

डबेवाल्यांची व्यवस्था परस्परांना ओळखणाऱ्या माणसांची आहे. परंतु जेथे माल हाताळणारी माणसे एकमेकांना कधीच भेटत नाहीत, तेथे खूण कशी असावी? २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅकलीन यांचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ कंटेनर घेऊन अमेरिकेतील नेवार्कहून ह्यूस्टनकडे निघाले. आधुनिक कंटेनर वाहतुकीचा आरंभ या सफरीपासून मानला जातो. त्यानंतर एकाच मापाच्या पोलादी पेट्या जहाज, रेल्वे आणि मालमोटार यांवरून न उघडता फिरू लागल्या. आपल्याकडे न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले आणि महाराष्ट्रातील द्राक्षांपासून यंत्रांपर्यंत अनेक वस्तू तेथून जगात जाऊ लागल्या.

प्रत्येक कंटेनरवर ११ चिन्हांचा क्रमांक असतो. आरंभी चार रोमन अक्षरे, नंतर सहा अंक आणि शेवटी चौकटीत एक अंक. पहिली तीन अक्षरे मालकाची, चौथे अक्षर प्रकाराचे, सहा अंक त्या पेटीचे. शेवटचा अंक मात्र नवी माहिती देत नाही. तो आधीच्या दहा चिन्हांवरून हिशेबाने काढलेला असतो. प्रत्येक अक्षराला ठरावीक मूल्य देऊन, क्रमाने १, २, ४, ८ अशा दुप्पट होत जाणाऱ्या संख्यांनी गुणून बेरीज करतात आणि तिला ११ ने भागतात. उरणारी बाकी म्हणजे तो अंक. बाकी १० आली तर ० लिहितात. ‘सी-एस-क्यू-यू ३०५४३८’ या नमुना क्रमांकाची अशी बेरीज ६१८५ येते, ११ ने भागल्यावर बाकी ३ उरते, म्हणून अखेरीस ३ लिहिलेला असतो. एखाद्या कारकुनाने एक अंक चुकीचा टिपला, तर हिशेब जुळत नाही आणि चूक तेथेच उघडी पडते.

वरवर पाहता हा शेवटचा अंक अनावश्यक आहे. परंतु भाषाही असा अनावश्यक वाटणारा भार सतत वाहत असते. ‘मोठी पेटी फुटली’ या वाक्यात स्त्रीलिंग तीन ठिकाणी दिसते : विशेषणात, नामात आणि क्रियापदात. चिठ्ठी भिजून ‘पेटी’ हा शब्द पुसला गेला, तरी ‘मोठी … फुटली’ यावरून ते ‘खोके’ नव्हते, हे कळते. भाषाविज्ञानात या गुणाला ‘अतिरिक्तता’ म्हणतात. डबेवाल्यांच्या खुणेत काटकसर आहे, कारण तेथे चूक सुधारणारा माणूस जवळच असतो. कंटेनरच्या क्रमांकात अतिरिक्तता आहे, कारण तेथे तो माणूस नसतो. अंतर जसे वाढते, तशी भाषेला स्वतःची राखण स्वतःच करावी लागते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
(अ) डबेवाल्यांच्या खुणेत स्थानाला महत्त्व का आहे?
(आ) ‘अतिरिक्तता’ म्हणजे काय? मराठी वाक्याचे उदाहरण द्या.

४.३.५ बिल्टी : शब्द आणि दायित्व

माल वाहतूकदाराच्या स्वाधीन केल्यावर मिळणाऱ्या पावतीला व्यवहारात ‘बिल्टी’ म्हणतात. तिच्यात पाठवणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव, मालाचे वर्णन, नगांची संख्या, वजन, किंमत, भाडे आणि ते कोणी द्यायचे, हा तपशील असतो.

भारतात रस्त्यावरील मालवाहतुकीसाठी २००७ चा कायदा लागू आहे. त्यापूर्वी १८६५ चा कायदा होता. २००७ च्या कायद्यानुसार माल पाठवणाऱ्याने मालाचे वर्णन लिहून द्यायचे असते आणि त्या वर्णनाच्या अचूकतेची जबाबदारी त्याच्यावर असते. वाहतूकदाराने दिलेली पावती ही मालाचे वजन, तपशील व नगांची संख्या यांचा प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते. पाठवणाऱ्याने जादा जोखमीचा दर देण्याचे स्पष्टपणे मान्य केलेले नसेल, तर नुकसानभरपाई सामान्यतः भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित राहते आणि तीही जाहीर केलेल्या किमतीहून अधिक नसते. म्हणजे ४,००० रुपये भाडे भरून ३ लाख रुपयांचा माल पाठवला आणि जोखमीबाबत काहीच लिहिले नाही, तर भरपाईची मर्यादा ४०,००० रुपये होते. तसेच दावा करण्यापूर्वी, माल नोंदवल्यापासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी सूचना द्यावी लागते. तोंडी तक्रार कितीही खरी असली, तरी ती या ‘लेखी’ शब्दात बसत नाही.

येथे मी स्वतःचा एक अनुभव नमूद करतो. पुष्कळ वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त गाव बदलताना मी घरसामान एका वाहतूकदारामार्फत पाठवले. नोंदणी करणाऱ्या कारकुनाने नगांची संख्या विचारली. बाहेर गाडी भरणे चालू होते, पाऊस येईल असे वाटत होते. मी म्हणालो, “लिहा अंदाजे पंचवीस.” त्यांनी तसेच लिहिले : ‘घरसामान, अंदाजे २५ नग.’ किमतीचा रकाना कोरा राहिला. सामान पोहोचले तेव्हा नग तेवीस भरले. हरवलेल्या दोन खोक्यांपैकी एकात माझ्या संशोधनाच्या नोंदवह्या होत्या. गावोगाव फिरून वृद्ध स्त्री-पुरुषांकडून टिपून घेतलेले बोलींचे नमुने त्यांत होते. मी तक्रार केली. व्यवस्थापकांनी पावती पुढे ठेवली आणि ‘अंदाजे’ या शब्दावर बोट ठेवले. त्यांचे म्हणणे चुकीचे होते, असे मला आजही म्हणता येत नाही. तो शब्द मीच सांगितला होता. नोंदवह्यांतील बहुतेक माणसे त्यानंतर हयात राहिली नव्हती, त्यामुळे ते काम पुन्हा करता आले नाही. शब्दांचे नेमकेपण हा ज्याच्या अभ्यासाचा विषय, त्यानेच कामाच्या वेळी सैल शब्द वापरला. तेव्हापासून हा विषय वर्गात शिकवावा, असे मला वाटत आले आहे.

या अनुभवातून निघणारा नियम साधा आहे. बिल्टीत ‘अंदाजे’, ‘इत्यादी’, ‘किरकोळ’, ‘सामान’ असे शब्द आले, की तेथे थांबावे. ‘सामान’ऐवजी ‘पुस्तके व हस्तलिखित वह्या’, ‘अंदाजे २५’ऐवजी ‘२५ नग : १४ खोकी, ६ गाठोडी, ५ सुटे नग’ असे लिहावे आणि प्रत्येक नगावर क्रमांक घालावा.

४.३.६ वाक्यरचना आणि जबाबदारी

शब्द नेमका असूनही वाक्य संदिग्ध राहू शकते. पुढील सूचना पाहा.

(१) माल पोहोचल्यावर तपासून उतरवून घ्यावा व हमाली द्यावी.

हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु तपासायचे कोणी? हमाली द्यायची कोणी? मराठीत ‘घ्यावा’, ‘द्यावी’ अशा विध्यर्थी रूपांत कर्ता न सांगताही वाक्य पूर्ण होते. विनयशील बोलण्यात हा गुण आहे. करारात तो दोष ठरतो. गाडी दारात उभी असताना चालक, दुकानदार आणि हमाल यांच्यात होणाऱ्या अनेक वादांचे मूळ अशा कर्ता हरवलेल्या वाक्यांत असते आणि बहुधा त्या तिघांपैकी सर्वांत दुबळा जो, त्याच्या अंगावर तो खर्च पडतो. सुधारलेली रचना अशी होईल :

(२) माल घेणाऱ्याने चालकासमक्ष नग मोजावेत. उतरवण्याची हमाली माल घेणाऱ्याने द्यावी. नग कमी किंवा फुटलेले आढळल्यास घेणाऱ्याने पोचपावतीवर तशी नोंद करावी व चालकाने त्याखाली सही करावी.

वाक्ये वाढली, पण वादाची जागा कमी झाली. प्रत्येक क्रियेला कर्ता मिळाला.

निषेधवाचक सूचनांतही रूपाची निवड महत्त्वाची आहे. ‘उलटे ठेवू नये’ ही सर्वांसाठीची, नियमवजा रचना आहे. ‘उलटे ठेवू नका’ ही समोरच्या व्यक्तीला उद्देशून आहे. खोक्यावर दोन्ही चालतात. मात्र ‘काळजीपूर्वक हाताळावे’ यापेक्षा ‘काच आहे. फेकू नका. आकडा लावू नका.’ ही सूचना अधिक उपयोगी पडते. पहिली सूचना वृत्ती सांगते, तर दुसरी कृती. घाईत असलेल्या हाताला कृती कळते.

४.३.७ ई-वे बिल आणि वर्णलेखन

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालवाहतुकीसाठी ई-वे बिल अनिवार्य झाले. सर्वसाधारणपणे ५०,००० रुपयांहून अधिक किमतीच्या मालासाठी ते लागते. त्याच्या ‘अ’ भागात मालाचा आणि ‘ब’ भागात वाहनाचा तपशील असतो. वाटेत गाडी बदलली, तर ‘ब’ भागही बदलावा लागतो.

आरंभीच्या काळात नावातील एखादे अक्षर किंवा वाहन क्रमांकातील एखादा अंक चुकल्याने गाड्या अडवल्या जात आणि मोठा दंड आकारला जाई. १४ सप्टेंबर २०१८ च्या केंद्रीय परिपत्रकाने किरकोळ चुकांची वर्गवारी केली. करदात्याचा नोंदणी क्रमांक बरोबर असून नावाच्या वर्णलेखनात चूक असणे, पत्ता बरोबर असून पिनकोड चुकणे, वाहन क्रमांकातील एक-दोन अंक वा अक्षरे चुकणे अशा प्रसंगी केंद्र व राज्य कायद्यांखाली प्रत्येकी ५०० रुपये एवढाच दंड घ्यावा, असे त्यात सांगितले आहे. काही अटींवर, मूळ ओळख अन्य तपशिलावरून पटत असेल, तर चुकीला चूकच मानावे, लबाडी मानू नये, हे या परिपत्रकामागील तत्त्व आहे. आपण वर पाहिलेल्या अतिरिक्ततेलाच येथे शासनव्यवहारात मान्यता मिळाली आहे. तथापि सवलत दंडात आहे. नाक्यावर गेलेले तास आणि नासलेला भाजीपाला परत मिळत नाही.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – ३
(अ) बिल्टीत ‘अंदाजे’ हा शब्द का टाळावा?
(आ) ‘माल तपासून घ्यावा’ या वाक्यातील उणीव सांगा.

४.४ सारांश

पुरवठा साखळीत माल व माहिती असे दोन प्रवाह असतात. मराठीत वाहतुकीची समृद्ध शब्दसंपदा असून ‘हुंडेकरी’सारखे शब्द आजच्या संकल्पनांशी नाते सांगतात. डबेवाल्यांच्या खुणांत काटकसर व स्थानमूल्य आढळते, तर कंटेनरच्या क्रमांकात चूक पकडणारी अतिरिक्तता आढळते. बिल्टीतील शब्द हा पुरावा असतो आणि वाक्यातील कर्ता म्हणजे जबाबदारीचा धनी असतो. विद्यार्थी मित्रहो, यापुढे आपण एखाद्या पावतीवर सही कराल, तेव्हा ती सही करण्यापूर्वी एकदा भाषेचे विद्यार्थी म्हणून वाचावी, एवढी अपेक्षा आहे.

४.५ पारिभाषिक शब्द

आवक : बाजारात आलेला माल किंवा त्याची नोंद.
नग : मोजदादीसाठीचा एक स्वतंत्र डाग किंवा बांधणी.
हिशेबपट्टी : विक्री, वजन, भाव व वजावट दाखवणारा कागद.
पोचपावती : माल मिळाल्याचे लेखी प्रमाण.
मुकादम : कामगारांच्या गटाचा प्रमुख.
यादृच्छिकता : चिन्हक व चिन्हित यांच्यातील नैसर्गिक संबंधाचा अभाव.

४.६ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्नांची उत्तरे

१. (अ) दोन्ही शब्द ‘पोहोचणे’ या अर्थाच्या क्रियापदांपासून घडले आहेत. (आ) भाडे, जकात व वाटखर्च धरून एकठोक रकमेत माल पोहोचवण्याचा ठेका घेणाऱ्यास.
२. (अ) एकाच अंकाचा अर्थ झाकणावरील त्याच्या जागेनुसार बदलतो म्हणून. (आ) अर्थासाठी आवश्यक त्याहून अधिक खुणा असणे, उदा. ‘मोठी पेटी फुटली’मधील तीन ठिकाणचे स्त्रीलिंग.
३. (अ) पावती हा नगसंख्येचा पुरावा असतो. ‘अंदाजे’ने तो पुरावाच सैल होतो. (आ) कोणी तपासायचे, हा कर्ता सांगितलेला नाही.

४.७ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘अंतर वाढते तशी भाषेला स्वतःची राखण करावी लागते’ हे विधान उदाहरणांसह स्पष्ट करा.
२. आपल्या घरातील किंवा दुकानातील कोणतीही एक बिल्टी अथवा पोचपावती घ्या. तिच्यातील संदिग्ध शब्द शोधून नेमकी पर्यायी रचना लिहा.
३. आपल्या परिसरातील हमाल, वाहनचालक किंवा आडत्या यांच्याशी बोलून त्यांच्या कामातील दहा शब्द अर्थासह नोंदवा. नोंदवहीची एक प्रत वेगळ्या ठिकाणी अवश्य ठेवा.